वायफाय जोडलं, इंटरनेट नाही: एका सेकंडहँड लॅपटॉपचं प्रकरण

नाशिकरोडला जेलरोड भागातल्या एका घरातली ही गोष्ट. आजोबा प्रेसमधून निवृत्त, नात पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्यासाठी लॅपटॉप घेतला तो सेकंडहँड. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, विंडोज १० असलेला, वरून अगदी चकाचक. घरात फायबरचं कनेक्शन आधीपासून होतं आणि त्यावर सगळ्यांचे मोबाइल आणि टीव्ही बिनतक्रार चालत होते. लॅपटॉपनं वायफायचं नाव दाखवलं, पासवर्ड घेतला, सिग्नलही भरून आला. पण नावाखाली शब्द उमटले ‘नो इंटरनेट, सिक्युअर्ड’, आणि ब्राउझरमध्ये एकही पान उघडेना.

बिघाड अवघड नव्हता, दुरुस्ती तर बसल्या जागी झाली. तरी हे प्रकरण मी लिहून काढतोय, कारण माझ्यापर्यंत येण्याआधी त्याची तीन निदानं झाली होती. त्यातलं एक चांगलं तर्काला धरून होतं, आणि त्या निदानावरचा उपाय केला असता तर तो शंभर टक्के लागूही पडला असता. निदान मात्र साफ चुकीचं होतं.

आधी कोण काय म्हणालं

पहिल्यांदा आला तो नेट कंपनीचा मुलगा. त्यानं राउटर बंद-चालू केला, लॅपटॉपमधलं वायफायचं नाव ‘फरगेट’ करून पुन्हा जोडलं, स्वतःच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट करून दाखवली. मग बॅगेतून लॅनची वायर काढून राउटर आणि लॅपटॉप सरळ जोडले. सगळं चाललं. गूगल, यूट्यूब, कॉलेजचं पोर्टल, सगळं. “काका, आमच्याकडून नेट ओके आहे. लॅपटॉपला दाखवा,” म्हणून तो गेला. त्याचं म्हणणं बरोबरच होतं, आणि वायरीची ती चाचणी या प्रकरणातली सगळ्यात मोलाची नोंद ठरली. फक्त तिचा अर्थ पुढच्या माणसानं वेगळा लावला.

शेजारच्या एका गृहस्थांनी अँटिव्हायरसवर संशय घेतला. तो काढून टाकला, फरक शून्य.

तिसरं निदान दुकानातलं. दुकानदारानं वायरीचा किस्सा ऐकला आणि स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडला. इथे गंमत झाली. यूट्यूब चाललं, गूगल चाललं, पण कॉलेजचं पोर्टल गोल फिरत राहिलं, आणखी बऱ्याच साइटही उघडल्या नाहीत. त्याचा हिशेब असा: वायरीवर सगळं चालतं म्हणजे विंडोज ठीक. घरच्या वायफायवर काहीच नाही, हॉटस्पॉटवर अर्धवट, म्हणजे वायफायचं कार्ड, लॅपटॉपच्या आतला वायफाय पकडणारा भाग, जायच्या वाटेवर आहे. कार्ड बदला, किंवा मागे लावायचा यूएसबी डोंगल, म्हणजे बाहेरून खोचायचं छोटं वायफाय कार्ड, घ्या.

मी त्याला दोष देणार नाही. हातात एवढीच माहिती असेल तर बहुतेक लोक इथेच पोचतील.

एक स्क्रीनशॉट

डोंगल घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. त्याआधी नातीनं एक व्हिडिओ बघून स्वतः पिंग करून पाहिलं, म्हणजे नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्राला छोटे संदेश पाठवून उत्तर येतं का ते बघितलं, आणि त्याचा स्क्रीनशॉट मला पाठवला. मी सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळतो. त्यामुळे कॉलनीतले असले स्क्रीनशॉट शेवटी माझ्याकडेच येतात. सोबत तिचा प्रश्न होता: “दादा, पिंग तर जातंय, लॉस झीरो टक्के आहे. मग नेट का नाही?”

राउटरखालच्या स्टिकरवर त्याचा नेटवर्कवरचा पत्ता छापलेला होता, १९२.१६८.१.१. तिनं त्यालाच पिंग केलं होतं. खाली बेरीज अशी: पाठवले चार, मिळाले चार, हरवले शून्य. पण वरच्या चारही ओळी वाचल्या तर प्रत्येकीत लिहिलं होतं ‘रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१०.४५’ आणि पुढे ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’.

उत्तर राउटरकडून आलेलंच नव्हतं. १९२.१६८.१०.४५ हा तिच्या स्वतःच्या लॅपटॉपचा पत्ता. लॅपटॉपच सांगत होता की मला पलीकडे जायला वाट सापडत नाही, आणि विंडोजनं त्याचं हे रडगाणंसुद्धा ‘मिळालेलं उत्तर’ म्हणून मोजलं होतं. विंडोजच्या पिंगची ही खोड जुनी आहे. बेरजेवर विश्वास ठेवणारे तिच्यामुळे नेहमी फसतात, नेटवर्कच्या धंद्यातलेसुद्धा. पिंगचा निकाल बघायचा तो वरच्या ओळींत, आणि त्यातही उत्तर देणारा कोण हे आधी.

त्या आकड्यांनी निम्मं प्रकरण उलगडलं. घरचा राउटर १९२.१६८.१ या गटातला आणि लॅपटॉप स्वतःला १९२.१६८.१० या गटातला समजत होता. तिसरा आकडाच वेगळा. घरच्या राउटरनं दिलेला पत्ता असा असूच शकत नव्हता. मग तो दिला कुणी?

‘जोडलं’ म्हणजे नक्की काय काय

वायफाय जोडणं ही एकच क्रिया वाटते, पण तिच्या पोटात चार-पाच वेगळी कामं एकामागून एक होतात आणि प्रत्येक काम स्वतंत्रपणे फसू शकतं.

आधी रेडिओ. लॅपटॉपचं कार्ड आणि राउटर यांना एकमेकांचं ऐकू यायला हवं. मग पासवर्ड. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत राउटर आणि लॅपटॉप यांच्यात चार संदेशांची देवाणघेवाण होते आणि दोघांकडे एकच पासवर्ड आहे हे त्यातून सिद्ध होतं, पासवर्ड हवेत न सोडता. ही पायरी पार पडली की स्क्रीनवर ‘सिक्युअर्ड’ येतं. इंटरनेटचा इथवर काही संबंध नाही. राउटरला बाहेरून येणारी फायबर उपटून ठेवली तरी इथपर्यंत सगळं नीट होईल.

त्यानंतर पत्ता. लॅपटॉप नेटवर्कवर हाक मारतो, ‘मला कुणी पत्ता देता का?’, आणि राउटर त्याला एक मोकळा पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो. शिवाय बाहेर जायचं दार कोणतं आणि नावांचे आकडे कुणाला विचारायचे हेही सांगतो. ही डीएचसीपी. आज चालणारं तिचं मानक १९९७ चं आहे, आणि घराघरांत १९२.१६८ नं सुरू होणारे जे पत्ते दिसतात ते खासगी वापरासाठी १९९६ मध्ये राखून ठेवलेल्या गटांपैकी एका गटातले. म्हणूनच तुमच्या घरी आणि माझ्या घरी एकच १९२.१६८.१.५ असू शकतो आणि कुणाचं काही बिघडत नाही.

पत्त्यानंतर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडा शोधणं. आणि मग कुठे प्रत्यक्ष साइट.

विंडोज ‘नो इंटरनेट’ कशावरून ठरवतं हेही इथे सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की त्यात काही खोल तपासणी असते. जोडणी झाली की विंडोज १० मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या साइटवरून एक इवलीशी मजकूर-फाइल मागवतं. तिच्यात इंग्रजीत ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढंच लिहिलेलं असतं, मधल्या जागा धरून २२ अक्षरं. ती मिळाली तर इंटरनेट आहे, नाही मिळाली तर नाही. का नाही मिळाली, वरच्या कोणत्या पायरीवर घोडं अडलं, याबद्दल विंडोज चकार शब्द काढत नाही. त्यामुळे पत्ता चुकलेला असो, डीएनएस मेलेलं असो किंवा बाहेर रस्ता खोदताना फायबर तुटलेली असो, माणसाला दिसतात तेच दोन शब्द.

कार्ड जिवंत आहे का

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा आजोबांनी पहिलंच विचारलं, “डोंगल मागवू का रे? उद्या येईल म्हणतात.” म्हटलं, थांबा जरा.

कार्ड खरंच गेलंय का, हे बघायला एक फुकटची चाचणी आहे. नातीला म्हटलं, वायफाय ‘फरगेट’ कर आणि मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाक. लॅपटॉपनं जोडायला नकार दिला. आता बरोबर टाक. लगेच ‘सिक्युअर्ड’. हेच पुन्हा आतल्या खोलीतून करून पाहिलं, तोच निकाल. बरोबर आणि चूक पासवर्डातला फरक कळायला कार्डाला पाठवताही आलं पाहिजे आणि ऐकताही. मेलेल्या किंवा मरणपंथाला लागलेल्या कार्डाला हे इतक्या शिस्तीत जमत नाही. रेडिओ आणि पासवर्ड या दोन्ही पायऱ्या ठीक होत्या, अडचण त्यांच्यानंतरची.

मग कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा ‘ऑल’ लावून दिली. वायफायच्या कार्डाखाली ओळ होती ‘डीएचसीपी एनेबल्ड: नो’. पत्ता १९२.१६८.१०.४५, दार १९२.१६८.१०.१, डीएनएस १९२.१६८.१०.५. तिन्ही हातानं भरलेले. त्याच यादीत लॅनच्या सॉकेटखाली मात्र ‘डीएचसीपी एनेबल्ड: येस’.

म्हणजे लॅपटॉप राउटरकडे पत्ता मागतच नव्हता. आधीच्या ऑफिसात कुणीतरी त्याला कायमचा पत्ता नेमून दिला होता, बहुधा तिथल्या सर्व्हरची किंवा प्रिंटरची परवानगी त्या पत्त्याला बांधलेली असावी. आमच्या कारखान्यातही काही मशीन अशाच बांधलेल्या आहेत, त्यात वावगं काही नाही. वावगं एवढंच, की विकणाऱ्यानं विंडोज नव्यानं टाकलं नव्हतं. जुनी खाती पुसून एक नवं खातं उघडून दिलं होतं. खातं बदललं तरी कार्डाची सेटिंग मशीनची असते, ती राहते. बदली होऊन नाशिकला आलेला माणूस रोज सकाळी जुन्या गावातल्या स्टॉपवरच्या बसची वाट बघत बसावा, तसा हा लॅपटॉप १९२.१६८.१०.१ ला हाका मारत बसला होता. त्या पत्त्यावर या घरात कुणीच राहत नव्हतं.

आता वायरीची चाचणी पुन्हा बघा. विंडोजमध्ये पत्त्याची सेटिंग प्रत्येक कार्डाची वेगवेगळी असते. लॅनच्या सॉकेटला कुणी हात लावलेला नव्हता, त्याला राउटरनं पत्ता दिला आणि तो चालला. ‘वायरीवर चालतं, वायफायवर नाही’ यातून दोष वायफायच्या बाजूचा हे कळतं. पण वायफायच्या बाजूला कार्डाचं लोखंड आहे तसं त्याचं सेटिंगही आहे. दुकानदारानं लोखंड धरलं आणि सेटिंग सोडलं.

‘फरगेट’ करूनही फरक का पडला नाही, तेही यातूनच समजतं. त्यानं पासवर्ड पुसला जातो. कार्डाच्या गुणधर्मांत जाऊन हातानं भरलेला पत्ता त्यानं जात नाही.

एक बाजूची गोष्ट. यादीत १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला असता तर कथा वेगळी झाली असती. लॅपटॉप पत्ता मागतो पण कुणी देत नाही, तेव्हा विंडोज स्वतःच स्वतःला असा पत्ता घेतं. तसं दिसलं तर राउटरकडे वळायचं. इथे लॅपटॉपनं मागितलेलंच नव्हतं.

दुरुस्ती, आणि तिच्यातला अडथळा

विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून ‘एनसीपीए.सीपीएल’ टाइप केलं की नेटवर्क कार्डांची जुनी खिडकी उघडते. वायफायवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, मग ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’. तिथे पत्ता ‘आपोआप घ्या’वर टाकला. लॅपटॉपला लगेच १९२.१६८.१ मधला पत्ता मिळाला, राउटरला पिंग केलं तर या वेळी खुद्द राउटरनं उत्तर दिलं. आणि तरीही ‘नो इंटरनेट’.

नातीचा चेहरा उतरला. पण ८.८.८.८ ला पिंग केलं तर उत्तर थेट गूगलकडून येत होतं. बाहेर जाणं सुरू झालं होतं, नावं मात्र सापडत नव्हती. त्या खिडकीत पत्त्यासाठी एक निवड आहे आणि डीएनएससाठी खाली दुसरी. वरची आपोआप केली म्हणून खालची होत नाही. तिथे अजून ऑफिसचा १९२.१६८.१०.५ बसला होता आणि लॅपटॉप प्रत्येक साइटचं नाव त्यालाच विचारत होता. तीही निवड बदलली आणि कॉलेजचं पोर्टल उघडलं.

हे दोन टप्पे मुद्दाम एकामागून एक केले. विंडोज १० मध्ये ‘नेटवर्क रीसेट’ नावाचं बटण आहे. ते सगळी नेटवर्क कार्डं काढून पुन्हा बसवतं आणि सेटिंग मूळपदावर आणतं. ते दाबलं असतं तरी काम झालं असतं. ज्याला फक्त नेट हवंय त्यानं खुशाल दाबावं. मला मात्र नक्की कुठे अडलं हे बघायचं होतं, आणि नातीलाही. ती कॉम्प्युटरचीच विद्यार्थिनी.

हॉटस्पॉटवर यूट्यूब का चाललं

हा प्रश्न तिनंच काढला आणि मला तो सगळ्यात आवडला. पत्ता, दार, डीएनएस तिन्ही चुकीचं, तर हॉटस्पॉटवर काहीच चालायला नको होतं. मग यूट्यूब कसं चाललं?

उत्तर आहे आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, व्हर्जन ६. आतापर्यंत बघितलेले आकडे जुन्या पद्धतीतले, आयपीव्ही४ म्हणजे व्हर्जन ४ चे. हातानं भरलेला सगळा मजकूर व्हर्जन ४ च्या खिडकीतला. व्हर्जन ६ ची सेटिंग तिच्या शेजारीच, पण निराळी, आणि तिला ऑफिसात कुणी शिवलेलं नव्हतं. दुकानदाराच्या मोबाइल कंपनीनं फोनला आयपीव्ही६ दिलेलं होतं आणि फोननं ते हॉटस्पॉटमधून लॅपटॉपपर्यंत पोचवलं, डीएनएससकट. गूगल, यूट्यूब, फेसबुक यांनी ६ जून २०१२ पासून आयपीव्ही६ कायमचं सुरू ठेवलं आहे, त्या साइट या दुसऱ्या वाटेनं उघडल्या. कॉलेजचं पोर्टल फक्त आयपीव्ही४ वर होतं, त्याला ही वाट नव्हती. घरच्या फायबरवर आयपीव्ही६ मिळतच नव्हतं, म्हणून तिथे सगळंच बंद.

आयपीव्ही६ च्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे, आणि ते मुख्यतः मोबाइल कंपन्यांमुळे. त्यामुळे ‘मोठ्या साइट उघडतात, बाकीच्या नाही’ हे लक्षण आपल्याकडे पुष्कळदा दिसतं आणि लोक त्याला ‘नेट स्लो आहे’ म्हणून सोडून देतात. दुकानदारानं त्याला आजारी कार्ड म्हटलं. पण आजारी कार्ड साइट बघून वागत नाही. यूट्यूब दर वेळी सुरळीत आणि पोर्टल दर वेळी बंद, इतका नेम असेल तर तिथे कुठलातरी नियम काम करतोय, यंत्राचा बिघाड नव्हे.

डोंगलनं काय झालं असतं

डोंगल म्हणजे विंडोजच्या दृष्टीनं एक कोरं, नवं कार्ड. त्याची सेटिंग मुळातच ‘आपोआप’. लावल्या क्षणी राउटरनं त्याला पत्ता दिला असता आणि सगळं चाललं असतं. दुकानदाराला वाटलं असतं निदान बरोबर, आजोबांनाही, आणि लॅपटॉपमधलं चांगलं कार्ड कायमचं ‘गेलेलं’ ठरलं असतं. नवं कार्ड आत बसवलं असतं तरी बहुधा हेच. पैसे फार गेले नसते. पण दुकानदाराच्या डोक्यात ‘वायरीवर चालतं, वायफायवर नाही म्हणजे कार्ड’ हा नियम आणखी पक्का झाला असता, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तोच सल्ला जास्त खात्रीनं मिळाला असता. दुरुस्तीच्या धंद्यात असले नियम मी बरेच पाहिलेत. नुसता भाग बदलून भागतं, म्हणून मूळ कारण कुणी शोधत नाही.

उरलेल्या बारीक गोष्टी

राउटर दोन नावं दाखवत होता, एकाच्या शेवटी ‘५जी’. आजोबांची समजूत की त्याला ५जीचा मोबाइल लागतो, म्हणून घरात त्याला कुणी हातच लावला नव्हता. त्याचा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही, तो वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ-पट्टा. हॉलमध्ये टीव्हीला तो जोडून दिला, वेग चांगलाच वाढला. नातीचं टेबल मात्र आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती. ५ गिगाहर्ट्झची लहर भिंतींत लवकर दमते, तिथे सिग्नल येत-जात होता. लॅपटॉप दुसऱ्या, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच ठेवला. कॉलनीतले सगळे राउटर त्याच पट्ट्यात कलकलाट करतात, त्यामुळे वेग कमी मिळतो, पण व्हिडिओ लेक्चर अडकत नाही.

मला जास्त काळजी वाटली ती आधीच्या ऑफिसच्या उरल्यासुरल्या गोष्टींची. पत्ता राहिला तसं आणखी काय राहिलं असेल? प्रोग्रॅमच्या यादीत दुरून मशीन हाताळायचं एक सॉफ्टवेअर सापडलंच, ते काढलं. पण असं एकेक शोधत बसण्यापेक्षा पूर्ण पुसून नव्यानं विंडोज टाकणं बरं. आणि टाकायचंच तर मशीनला विंडोज ११ चालतं का हे आधी बघायचं, कारण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नातीचं सबमिशन तोंडावर होतं, म्हणून ते काम परीक्षेनंतर करायचं ठरलं. तोवर आजोबांना सांगून ठेवलं की पेन्शनचं खातं या लॅपटॉपवर उघडायचं नाही, मोबाइलवरच बघायचं. डोंगल काही मागवला नाही.